मालक जाऊ दे, संघ राहू दे: ओकलंडचे ए'ज

पूर्वखाडीकर (धागाकर्ता)

बार्टच्या (इथली लोकल रेल्वे) कोलिझियम स्टेशनवर उतरलं की ओकलंडच्या बेसबॉल संघाच्या, म्हणजे ॲथलेटिक्स ऊर्फ ए'ज यांच्या, स्टेडियमकडे नेणारा एक लांब पादचारी पूल लागतो. दोन्ही बाजूंना जाळी, खाली रूळ. मॅचच्या दिवशी या पुलावर कांदा परतल्याचा वास दरवळायचा. ढकलगाडीवर पत्रा टाकून बायका हॉट डॉग भाजत असायच्या, कुणी शेंगांच्या पिशव्या विकायचं, कुणी टोप्या. आत जे मिळायचं ते इथे निम्म्या भावात.

३ ऑक्टोबर २०१२, बुधवार. दुपारची सुट्टी टाकून मी बाबांना याच पुलावरून घेऊन गेलो. ते साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. बॅट फिरवायची आणि धावत सुटायचं, यापलीकडे बेसबॉल त्यांना ठाऊक नव्हता. त्या दिवशी ए'ज आणि टेक्सास रेंजर्स यांच्यात विभागाचं अजिंक्यपद ठरणार होतं. रेंजर्स ५-१ ने पुढे होते. चौथ्या डावात ए'जनी बरोबरी साधली आणि मग जॉश हॅमिल्टनच्या हातातून एक सोपा उंच झेल निसटला. बाबा माझ्याआधी उभे. "सोडला! अरे, सोडला!" उजव्या कुंपणामागच्या बाकांवर ढोल सुरू झाले आणि बाबा म्हणाले, "हे तर आपल्या मिरवणुकीसारखं आहे की!" मॅच १२-५ ने जिंकलो. परतताना पुलावरून त्यांनी स्वतःच्या पैशाने हिरवी टोपी घेतली.

ते स्टेडियम अजून आहे, संघ मात्र नाही. २०२४ च्या हंगामानंतर ए'ज ओकलंड सोडून गेले. आधी सॅक्रमेंटो, पुढे २०२८ मध्ये लास व्हेगास. त्याआधी २०१९ मध्ये बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, २०२० मध्ये अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स व्हेगासला. पाच-सहा वर्षांत तिन्ही मोठे संघ गेले.

कुठेही विषय निघाला की उत्तर एकच मिळतं: ओकलंडकडे पैसे नाहीत, गुन्हेगारी वाढली, संघ तरी काय करणार? पैसे नाहीत हे खरंच आहे. सिटीचं बजेट सतत तुटीत असतं. २०२४ मध्ये तर कोलिझियममधला सिटीचा अर्धा हिस्सा साडेदहा कोटी डॉलरला विकायचा आणि त्या पैशावर वर्षाचा खर्च चालवायचा, असं ठरलं. पैसे वेळेवर आले नाहीत आणि कपात सुरू झाली. घरातली भांडी विकून महिना काढावा, तशी ही गत.

तरीही गावाच्या गरिबीमुळे संघ गेला, हे मला पटत नाही, कारण गाव हेच आणि स्टेडियमही हेच असताना उलटं घडलेलं आहे. १९८० मध्ये चार्ली फिनली हा संघ डेन्व्हरच्या गिऱ्हाइकाला विकायच्या बेतात होते. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या घराण्यातल्या वॉल्टर हास यांनी तो विकत घेतला, इथेच ठेवला, खेळाडूंवर पैसा लावला. १९८९ मध्ये संघ जगज्जेता झाला. १९९० च्या हंगामात २९ लाख प्रेक्षक आले. ओकलंड तेव्हाही श्रीमंत नव्हतं.

२००५ मध्ये जॉन फिशर आणि लू वुल्फ यांनी १८ कोटी डॉलरना संघ घेतला. फिशर गॅप कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. पुढे वुल्फ बाजूला झाले. २०२२ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया हे सगळे दुसऱ्या संघांना देऊन टाकले. त्याच सुमारास वार्षिक तिकिटांचे दर वाढवले. २०२३ मध्ये संघ ११२ मॅच हरला, प्रेक्षकांची सरासरी जेमतेम दहा हजारांवर आली, आणि मग तोच आकडा दाखवून सांगितलं की लोक येत नाहीत.

लोक आले होते. १३ जून २०२३, मंगळवार, संघ शेवटच्या स्थानावर, आणि तरी २७,७५९ माणसं आली, मालकाला आपण अजून इथेच आहोत हे दाखवायला. हजारोंच्या अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर एकच शब्द: 'सेल'. संघ विका. पाचव्या डावाच्या सुरुवातीला अख्खं स्टेडियम गप्प झालं आणि मग तोच घोष उठला. ए'ज २-१ ने जिंकले. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला.

माझं म्हणणं त्या टी-शर्टवर लिहिलं होतं तेच आहे. मालकाला गाव परवडत नसेल तर मालकाने जावं. संघ न्यायचा हक्क त्याला नसावा. तुम्हाला काय वाटतं?


जमाखर्च

लेख मनापासून आवडला, पण मी दुसऱ्या बाजूने बघतो. माझं काम नगरपालिकांच्या हिशेबांचं आहे (ओकलंडचं नाही), त्यामुळे आधी वही उघडतो.

१९९५ मध्ये रेडर्सना लॉस एंजेलिसहून परत आणण्यासाठी सिटी आणि काउंटीने कर्जरोखे काढून कोलिझियममध्ये एक प्रचंड उंच सज्जा बांधला. त्यालाच चाहते 'माउंट डेव्हिस' म्हणतात. त्याच्या मागे ओकलंडच्या टेकड्या झाकल्या गेल्या. त्या रोख्यांपोटी वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपास रक्कम दोघे मिळून फेडत राहिले. रेडर्स गेले तेव्हाही कर्ज बाकी होतं. म्हणजे ज्या मुलांनी रेडर्सची एकही मॅच पाहिली नाही, त्यांच्या वाचनालयाच्या आणि रस्त्याच्या पैशातून तो हप्ता गेला.

हे पोळलेलं गाव आहे. ए'जच्या नव्या स्टेडियमसाठी हॉवर्ड टर्मिनलचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी प्रत्येक अट तपासली, हे योग्यच केलं. बंदराच्या जागेवर ३५,००० आसनांचं स्टेडियम, तीन हजार घरं, हॉटेल, दुकानं, एकूण १२ अब्ज डॉलरचा पसारा. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलने अटींचा मसुदा मंजूर केला, पण त्या अटी क्लबला मान्य नव्हत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवालही मंजूर झाला. सिटीने दार लावून घेतलं, हे म्हणणं चूक आहे.

स्टेडियममुळे गावाची भरभराट होते हा दावा अर्थतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासला आहे आणि बहुतेक सगळे एकाच निष्कर्षाला येतात: लोक तेवढेच पैसे खर्च करतात, फक्त सिनेमा आणि हॉटेलऐवजी मॅचवर. ज्या गावाला पोलीस आणि अग्निशमन दलाचे पगार भागवताना घाम फुटतो, त्याने अब्जाधीशाला पैसा द्यायचा नसतो. त्यावर संघ जात असेल तर जाऊ द्यावा. तुमचं दुःख मला समजतं, पण मी कौन्सिलवर असतो तर मीही तेच केलं असतं.


निळी_जाई

मी ओकलंडमध्येच राहते, टेकड्यांवर. 'जमाखर्च' यांनी अग्निशमनाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये तुटीमुळे टेकड्यांवरची दोन फायर स्टेशनं काही काळ बंद ठेवली होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये याच टेकड्या जळाल्या आणि २५ माणसं गेली. आमच्या गल्लीतल्या आजी अजून दर ऑक्टोबरला कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगून ठेवतात. स्टेशन बंद असल्याची पाटी बघितली त्या रात्री मीही पासपोर्ट आणि मुलाचे जन्मदाखले एका पिशवीत भरले.

म्हणून मला कुणी विचारलं की स्टेडियम की फायर इंजिन, तर उत्तर द्यायला क्षणही लागणार नाही. पण हा प्रश्न आमच्यासमोर आणला कुणी? ए'ज गेले, सरकारी पैसा वाचला, तरी स्टेशन बंद झालंच ना? संघ घालवून गाव सावरलं असतं तर मी गप्प बसले असते.

आणि एक. माझ्या मुलाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जायंट्सचं (सॅन फ्रान्सिस्कोचा बेसबॉल संघ) तिकीट परवडत नाही. ए'जचं परवडायचं. फटाक्यांच्या रात्री मॅच संपली की मुलांना मैदानात सोडायचे, आउटफिल्डच्या गवतावर चादर अंथरून आकाशाकडे बघत पडायचं. ते हिशेबाच्या कुठल्या रकान्यात येतं ते मला माहीत नाही.


डेट्रॉइटकर

मी १९९९ पासून मिशिगनमध्ये आहे, त्यामुळे 'गाव बुडालं म्हणून संघ जाणारच' हे वाक्य ऐकलं की राहवत नाही.

१८ जुलै २०१३ ला डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली. देणं साधारण १८ अब्ज डॉलर. रस्त्यावरचे दिवे बंद, निवृत्तांच्या पेन्शनवर टांगती तलवार, म्युझियममधली चित्रं विकायची का यावर चर्चा. त्या संध्याकाळी ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि त्याच हंगामात आमचा बेसबॉल संघ टायगर्स विभागात पहिला आला, त्यांच्या कोमेरिका पार्क स्टेडियममध्ये ३० लाखांहून जास्त लोक आले. संघ हलवायची गोष्टही कुणी काढली नाही.

त्याआधीची एक आठवण सांगतो. कोमेरिका पार्कच्या मधल्या कुंपणामागे कारंजी आहेत, तिथे जनरल मोटर्सची जाहिरात असायची. २००९ मध्ये कंपनी स्वतःच गाळात गेली आणि जाहिरात थांबली. मालक माइक इलिच यांच्याकडे ती मोक्याची जागा घ्यायला पैसे देणारे दुसरे लोक होते. त्यांनी ती भाड्याने दिली नाही. तिथे जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर तिघांची चिन्हं फुकट लावली आणि खाली लिहिलं की टायगर्स आपल्या मोटार कंपन्यांच्या पाठीशी आहेत. त्या वर्षी माझ्या टीममधले अकरा जण घरी बसले होते. आम्ही वरच्या स्वस्त बाकांवरून ती पाटी बघायचो. मॅचचं काय झालं ते आज आठवत नाही, पाटी आठवते.

इलिच देवमाणूस होते असं म्हणत नाही. दिवाळखोरीच्या त्याच उन्हाळ्यात त्यांच्या हॉकी संघाच्या नव्या स्टेडियमला सरकारी पैसा मंजूर झाला, त्याचा राग इथे अजून आहे आणि तो रास्त आहे. पण माणूस गाव सोडून गेला नाही.


स्पष्टच_बोलतो

सगळे भावनेने लिहीत आहेत, म्हणून एक अवघड मुद्दा. हा संघ ओकलंडचा होता कुठे? १९०१ मध्ये फिलाडेल्फियात जन्मला, १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला गेला, १९६८ मध्ये ओकलंडला आला. कॅन्सस सिटीच्या पोरांनीही तेव्हा टोप्या घेतल्या असतील. तेव्हा ओकलंडने आनंदाने घेतला, मग आता तक्रार का?

शिवाय धंदा आहे. माझ्या मामाने गिरगावातलं दुकान विकून डोंबिवलीला घेतलं. गिरगावातल्या गिऱ्हाइकांना वाईट वाटलं, पण कुणी म्हटलं नाही की दुकान ठेव आणि तू जा.


पूर्वखाडीकर

'स्पष्टच_बोलतो', कॅन्सस सिटीचा मुद्दा बिनतोड आहे. त्यांचंही नुकसानच झालं आणि त्यांना १९६९ मध्ये नवा संघ, रॉयल्स, मिळाला म्हणून जखम भरली. एकाने भोगलं म्हणून दुसऱ्यानेही भोगावं, हे मात्र मला मान्य नाही.

दुकानाचं उदाहरण इथे बसत नाही. तुमच्या मामांच्या शेजारी उद्या दुसरं कुणीही दुकान टाकू शकत होतं. बेसबॉलमध्ये ती मोकळीक नाही. १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून या लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. कुठल्या गावात संघ असेल ते ३० मालक ठरवतात. सॅन होजेला ए'ज हवे होते, पण तो मुलूख जायंट्सचा म्हणून मिळाले नाहीत. सॅन होजे सिटी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१५ मध्ये तिथेही दार बंद झालं. गंमत नाही, खंत म्हणून सांगतो: तो मुलूख जायंट्सना नव्वदीच्या सुरुवातीला ए'जच्याच मालकांनी, म्हणजे हास यांनी, एक पैसा न घेता दिला होता, शेजारधर्म म्हणून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हेगासला जायचा ठराव आला तेव्हा मतं पडली ३०-०. स्थलांतराचं शुल्कही माफ केलं. ज्या धंद्याला कायदा असं संरक्षण देतो, त्याने गावालाही काही देणं लागतं.

आणि मी अशक्य काही मागत नाही. वॉरियर्सचे मालक जो लेकब यांनी ए'ज विकत घ्यायची तयारी कितीदा तरी जाहीर सांगितली होती. (त्यांनी स्वतः वॉरियर्सना पलीकडे नेलं, तेही मी विसरलेलो नाही.) मालक जायचाच असेल तर निदान नाव, रंग आणि इतिहास गावात ठेवता येतो. १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला गेला, पण 'ब्राउन्स' हे नाव, रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलंडने सोडले नाहीत. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. ओकलंडला तेवढंही मिळालं नाही. ए'जचा रिकी हेंडरसन ओकलंडमध्ये वाढला, ओकलंड टेक शाळेत शिकला, १४०६ बेस चोरले (म्हणजे गोलंदाजाला चकवून पळत पुढचा टप्पा गाठला). त्याचे विक्रम आता व्हेगासच्या भिंतीवर लागणार.


फोल्समची_माई

मी सॅक्रमेंटोकडची, माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. २०१३ मध्ये आमचे किंग्ज, म्हणजे बास्केटबॉलचा संघ, सिएटलला निघालेच होते. लोक रस्त्यावर आले, महापौर केविन जॉन्सन यांनी खरेदीदार शोधले आणि लीगने स्थलांतर नाकारलं. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला. आमच्या मंडळात त्या दिवशी पेढे वाटले होते. म्हणजे पूर्वखाडीकर म्हणतात तसं होऊ शकतं, मालक बदलतो आणि संघ राहतो.

आज त्याच रणदिव्यांच्या सटर हेल्थ पार्कमध्ये ए'ज खेळतात. साधारण चौदा हजारांचं छोटं मैदान, मायनर लीगसाठी, म्हणजे खालच्या पातळीच्या संघांसाठी, बांधलेलं. उन्हाळ्यात इथे काय तापतं ते सांगायला नको. मी नातवाला घेऊन गेले होते. त्याने विचारलं, "आजी, यांच्या नावात सॅक्रमेंटो का नाही?" खरंच नाही. नुसतं 'ॲथलेटिक्स'. तीन वर्षं आमच्या गावात राहणार, पण गावाचं नाव लावायचं नाही. मला ते फार लागलं.


जमाखर्च

माई, किंग्ज राहिले, पण त्या नव्या स्टेडियममध्ये सॅक्रमेंटो सिटीने २५ कोटी डॉलरच्या आसपास घातले, हेही नोंदवून ठेवू या. मालक बदलला तरी बिल गावाकडे आलंच. ओकलंडकडे तेवढी ऐपत नव्हती.

निळी_जाई यांचा रकान्याचा प्रश्न मात्र दोन दिवस डोक्यातून गेला नाही. आमच्या वह्यांमध्ये तो रकाना नाही. असायला हवा.


चेंडूफळी

थोडं वेगळं. जून २०२५ मध्ये मेजर लीग क्रिकेटचा मोसम याच कोलिझियममध्ये सुरू झाला. आम्ही ट्रायव्हॅलीतून तीन गाड्या भरून गेलो. फिन ॲलनने ५१ चेंडूंत १५१ केल्या, १९ षटकार. टी-ट्वेंटीच्या एका डावात इतके षटकार त्याआधी कुणीच मारले नव्हते. पंधराव्या षटकारानंतर आम्ही मोजणं सोडून नुसते ओरडत होतो.

पण पुलावरून आत जाताना जुना हिरवा जर्सी घातलेला एक साठीचा गृहस्थ भेटला. क्रिकेट त्याला कळत नव्हतं. म्हणाला, दिवे लागलेले दिसले म्हणून आलो. माझ्या मुलाने त्याच्याशेजारी बसून एलबीडब्ल्यू समजावलं. ज्या स्टेडियममध्ये पूर्वी सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरायचं, त्यालाच आपल्या लोकांनी एक संध्याकाळ भरून टाकलं. जागा टाकाऊ नाही हो ती.


निळी_जाई

चेंडूफळी, सॉकरवाले रूट्सही २०२५ पासून तिथेच खेळतात. आणि वेस्ट ओकलंडला रायमंडी पार्कमध्ये बॉलर्स आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेला छोटा, स्वतंत्र लीगमधला संघ, चाहत्यांनाही त्यात मालकीचा वाटा घेता येतो. आम्हीही छोटासा घेतला. २०२५ मध्ये ते त्यांच्या लीगचे विजेते ठरले. १९८९ नंतर ओकलंडला बेसबॉलचा पहिला करंडक. कोलिझियमच्या उजव्या बाकांवरचे काही ढोल आता तिथे वाजतात.


स्पष्टच_बोलतो

चाहत्यांना वाटा हे मला माहीत नव्हतं. मग दुकानाचं उदाहरण मी मागे घेतो.


पूर्वखाडीकर

सगळ्यांचे आभार. जमाखर्च, तुम्ही कौन्सिलवर असता तर कदाचित मीही तुमच्याच बाजूने मत दिलं असतं. पैसा द्यायला नको होता. माझा राग सिटीवर नाहीच.

२६ सप्टेंबर २०२४ ला शेवटच्या मॅचला मी होतो. गुरुवार दुपार, ४६,८८९ माणसं. पहिला चेंडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट या ए'जच्या जुन्या खेळाडूंच्या हातून, दोघेही ओकलंडचेच. पुढच्या तीन महिन्यांत रिकी गेला. ए'ज ३-२ ने जिंकले. मॅच संपल्यावर कुणी जागचं हलेना. मॅनेजर मार्क कॉट्से यांनी माइक घेऊन आभार मानले. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई कुंपणाशी गेली, मैदानावरच्या माणसाकडे सोड्याचा रिकामा कप दिला. त्याने लाल माती भरून परत दिला. तिने वर रुमाल बांधला आणि दोन्ही हातांनी धरून जिना चढली.

रात्री बाबांना फोन केला. म्हणालो, संघ गेला. त्यांनी विचारलं, "कुठल्या गावाचा झाला आता?" मला सांगता आलं नाही.

मे महिन्यात ते येत आहेत. टोपी जपून ठेवलीय म्हणतात. निळी_जाई, रायमंडीला गाडी लावायला जागा मिळते का? त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत.


निळी_जाई

वेस्ट ओकलंड बार्टपासून मैलभर असेल, बाबांना चालवू नका. गाडीनेच या, पण तासभर आधी. मी वाट बघते, ढोलांच्या बाजूला बसू.